एकतीस एकांची मूळ संख्या

सी भाषा शिकताना पहिल्या महिन्याभरात बहुतेक सगळेच क्रमगुणिताचा प्रोग्राम लिहितात. १ गुणिले २ गुणिले ३ असं करत दिलेल्या संख्येपर्यंत जायचं. मीही लिहिला होता. १२ पर्यंतची उत्तरं चोख आली, १२ चं उत्तर ४७,९०,०१,६००. मग १३ टाकले आणि पडद्यावर आलं १,९३,२०,५३,५०४. वहीत गुणाकार करून पाहिला तर ६,२२,७०,२०,८०० यायला हवं होतं. ती अख्खी दुपार मी प्रोग्राममधली चूक शोधण्यात घालवली. प्रोग्राम बरोबरच होता. उत्तर ठेवायला जी जागा दिली होती तिच्यात मावणारी सगळ्यात मोठी संख्या होती २,१४,७४,८३,६४७, आणि १३ चं उत्तर तिच्या पलीकडे गेलं होतं.

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. पुढे कितीतरी वर्षं ही संख्या माझ्या लेखी फक्त एक कुंपण होती. ती मूळ संख्या आहे हे फार उशिरा कळलं. आणि ते सिद्ध करणारा माणूस, गणितज्ञ लिओनार्ड ऑयलर, १७७२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला राहत होता, पासष्टीचा होता आणि त्याला जवळजवळ काहीच दिसत नव्हतं, हे कळल्यावर मी या संख्येच्या मागे लागलो. एवढ्या मोठ्या संख्येला कशानेच भाग जात नाही हे त्याने इतक्या खात्रीने कसं सांगितलं? त्याचं उत्तर समजायला शाळेतला भागाकार आणि थोडा धीर एवढंच लागतं.

आधी ही संख्या डोळ्यासमोर आणू. बुद्धिबळाच्या पटाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते: पहिल्या घरात एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असं दर घराला दुप्पट. गोष्टीत सगळी ६४ घरं भरायची असतात. आपण ३१ घरांवर थांबू. त्या ३१ घरांतल्या दाण्यांची एकूण बेरीज बरोबर २,१४,७४,८३,६४७ होते. तांदळाचा एक दाणा २० मिलिग्रॅमचा धरला तर सुमारे ४३ टन तांदूळ, म्हणजे चार-पाच ट्रक. आता हे सगळे दाणे माणसांमध्ये सारखे वाटायचे आहेत, एकही दाणा उरता कामा नये. दोघांत वाटा, सात जणांत वाटा, हजारांत वाटा किंवा लाखांत वाटा, काही ना काही उरणारच. सगळे दाणे एकालाच दिले किंवा प्रत्येक दाण्यामागे एक माणूस उभा केला, तरच वाटणी पुरी होते. मूळ संख्या म्हणतात ती हीच.

दुपटीच्या बेरजेची एक गंमत आहे. १ + २ + ४ = ७, म्हणजे पुढच्या ८ पेक्षा एक कमी. १ + २ + ४ + ८ = १५, पुढच्या १६ पेक्षा एक कमी. म्हणून आपली संख्या म्हणजे दोनाचा ३१वा घात वजा १. संगणक जी द्विमान पद्धत वापरतो, तिच्यात फक्त ० आणि १ हे दोनच अंक असतात. त्या पद्धतीत ही संख्या लिहिली तर ओळीने एकतीस १ येतात, मध्ये एकही शून्य नाही. ही ठेवण ध्यानात ठेवावी, कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे.

कागदावर तपासायची तर साधी रीत काय? एखाद्या संख्येला कशाने भाग जात असेल, तर तिच्या वर्गमुळाच्या आत एक तरी विभाजक सापडतोच. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६,३४० च्या थोडं पुढे आहे. तिथपर्यंत सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. दहा अंकी संख्येला या प्रत्येकीने भागायचं. रोज पन्नास भागाकार केले तरी तीन महिने जातील, आणि एका भागाकारात हातचा चुकला की सगळ्या कष्टांवर पाणी. लिओनार्ड ऑयलरने यातले ऐंशीच्या घरातलेच भागाकार ठेवले, बाकीचे चार हजार सातशे न करताच बाजूला काढले. कोणत्या संख्या भाग घालवूच शकत नाहीत हे त्याने आधी ठरवलं.

एकांचे गट

सुरुवात लहान उदाहरणापासून करू. सहा एक घ्या: ११११११. ते तीन-तीनच्या दोन गटांत पडतात, म्हणून ११११११ = १११ × १००१. दोन-दोनच्या तीन गटांतही पडतात, म्हणून ११११११ = ११ × १०१०१. दशमान पद्धतीत गुणून पाहा, बरोबर येतं. द्विमान पद्धतीतही हेच खरं असतं. तिथे ११११११ म्हणजे ६३, आणि वरच्या ओळी सांगतात ६३ = ७ × ९ आणि ६३ = ३ × २१. म्हणजे एकांची संख्याच जर संयुक्त असेल, तर त्यांचे सारखे गट पडतात आणि त्या गटानेच भाग जातो. मूळ संख्या हवी असेल तर एकांची संख्या मूळ हवी. ३१ मूळ आहे, तेव्हा पहिला अडसर दूर झाला.

पण एवढ्याने भागत नाही. ११ ही मूळ संख्या आहे, तरी अकरा एक म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. याच जागी जुन्या लोकांचे पाय घसरले. पॅरिसमधला मारँ मर्सेन हा धर्मगुरू त्या काळच्या गणितज्ञांची पत्रं एकमेकांपर्यंत पोचवायचा, तोच त्यांचा टपालनाका होता म्हणा ना. त्याने १६४४ मध्ये एक यादी छापली: २५७ पर्यंतच्या कोणत्या घातांकांना ही "दोनाचा घात वजा १" मूळ येते. यादीत ३१ होता, तो बरोबर निघाला. ६७ आणि २५७ होते, ते चुकले. ६१, ८९ आणि १०७ हवे होते, ते राहून गेले. तरीही अशा संख्यांना आज मर्सेन मूळ संख्या म्हणतात, आणि मला ते योग्य वाटतं. यादी चुकीची असली तरी पुढच्या अडीचशे-तीनशे वर्षांच्या कामाला तिने दिशा दिली.

ऑयलरची चाळणी

आता मुख्य भाग. इथे सावकाश वाचा, हातात पेन्सिल असेल तर उत्तम.

२३ ही संख्या घ्या. १ पासून सुरुवात करून दुप्पट करत जा, आणि २३ च्या वर गेलं की २३ वजा करा. १, २, ४, ८, १६, मग ३२ ऐवजी ९, पुढे १८, १३, ३, ६, १२, आणि १२ ची दुप्पट २४, म्हणजे पुन्हा १. अकरा दुपटींत चक्र पुरं झालं. याचा अर्थ दोनाच्या ११व्या घाताला २३ ने भागलं तर बाकी १ उरते, म्हणजेच त्या घातातून १ वजा केला तर २३ ने पूर्ण भाग जातो. २०४७ ला २३ ने भाग का जातो याचं कारण हे चक्र आहे.

सतराव्या शतकात फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने या चक्रांचा एक नियम सांगितला. कोणतीही विषम मूळ संख्या घ्या, तिच्यापेक्षा एक कमी इतक्या दुपटी केल्या की आपण हमखास १ वर येतो. २३ साठी २२ दुपटी. चक्र ११ चं होतं, २२ मध्ये ते बरोबर दोनदा फिरतं. म्हणजे चक्राची लांबी "मूळ संख्या वजा १" ला नेहमी पूर्ण भाग घालवते.

समजा, एखाद्या मूळ संख्येने आपल्या २,१४,७४,८३,६४७ ला भाग जातो. तिला आपण "संशयित" म्हणू. मग संशयिताच्या चक्रात ३१ दुपटींनंतर १ येतो. म्हणून चक्राची लांबी ३१ ची विभाजक. पण ३१ मूळ आहे, तेव्हा लांबी १ किंवा ३१. लांबी १ म्हणजे एकाच दुपटीत २ ची बाकी १ यायला हवी, ते शक्य नाही. राहिली ३१. आणि फर्माचा नियम सांगतो की ही लांबी "संशयित वजा १" ला भाग घालवते. शिवाय संशयित विषम आहे, त्यामुळे त्यातून १ काढला की सम संख्या उरते. एका संख्येला ३१ नेही भाग जातो आणि २ नेही, म्हणजे ६२ ने जातो. तेव्हा संशयित नेहमी "६२ ची पट अधिक १" असाच असणार.

या एका विचाराने ३, ५, ७, ११, १३ सगळे सुटले. त्यांनी भागून पाहायची गरजच नाही. उरले ६३, १२५, १८७, २४९, ३११ आणि याच पायऱ्यांनी पुढे.

ऑयलरने चाळणी आणखी बारीक केली. ३१ दुपटींनी १ येतो, तर ३२ दुपटींनी २ येणार. पण दोनाचा ३२वा घात हा पूर्ण वर्ग आहे, तो ६५,५३६ चा वर्ग. म्हणजे संशयिताने भागल्यावर २ बाकी ठेवणारा एक पूर्ण वर्ग अस्तित्वात आहे. हे सगळ्या मूळ संख्यांना जमत नाही. ७ ला जमतं: ३ चा वर्ग ९, बाकी २. १७ ला जमतं: ६ चा वर्ग ३६, बाकी २. २३ ला जमतं: ५ चा वर्ग २५, बाकी २. पण ३, ५, ११, १३ यांच्या बाबतीत कितीही वर्ग तपासा, बाकी २ कधीच येत नाही. नियम असा आहे की आठाने भागल्यावर १ किंवा ७ बाकी उरणाऱ्या मूळ संख्यांनाच हे जमतं. हा नियम आज सिद्ध झालेला आहे, संख्या सिद्धांताच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात त्याची सिद्धता मिळते.

दोन्ही अटी एकत्र लावा. संशयित "२४८ ची पट अधिक १" किंवा "२४८ ची पट अधिक ६३" एवढ्या दोनच रूपांत येऊ शकतो. ४६,३४० पर्यंत अशा पावणेचारशेच्या आसपास संख्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक मूळच नाहीत. ६३ गेली, २४९ ला ३ ने भाग जातो, ४९७ ला ७ ने, ५५९ ला १३ ने. पहिला खरा संशयित ३११. भागून पाहू: ३११ × ६९,०५,०९२ = २,१४,७४,८३,६१२, बाकी ३५. सुटला. पुढचा १३०३, बाकी २२६. त्यापुढचा १४८९, बाकी १९९. असे ऐंशीच्या घरातले भागाकार, प्रत्येकाला बाकी उरते, आणि काम संपतं.

ऑयलरने हे बर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला पत्रातून कळवलं, तेही दोन-चार ओळींत: विभाजक असलाच तर या दोन रूपांतला असणार, आणि तशा सगळ्या मूळ संख्या ४६,३३९ पर्यंत तपासल्या, एकानेही भाग जात नाही. त्याचा उजवा डोळा तरुणपणीच अधू झाला होता, दुसऱ्यात मोतीबिंदू. मुलं आणि शिष्य त्याने सांगितलेलं लिहून घेत. मला या हकिकतीत सगळ्यात भावतं ते हे, की दृष्टी गेलेल्या माणसाने आकडेमोडीच्या ढिगाऱ्यातून नव्वद टक्क्यांहून जास्त भाग विचारानेच उचलून बाजूला ठेवला.

बार्लोचं भाकीत

ही मूळ संख्या सापडल्याने आणखी एक संख्या हाती आली. जिच्या स्वतःखेरीज सगळ्या विभाजकांची बेरीज तिच्याएवढीच भरते ती परिपूर्ण संख्या. ६ चे विभाजक १, २, ३, बेरीज ६. २८ चे १, २, ४, ७, १४, बेरीज २८. युक्लिडने दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी दाखवलं होतं की प्रत्येक मर्सेन मूळ संख्येपासून एक परिपूर्ण संख्या बनते. आपल्या संख्येला दोनाच्या ३०व्या घाताने गुणलं की २३०५८४३००८१३९९५२१२८ ही एकोणीस अंकी परिपूर्ण संख्या मिळते. पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने १८११ मध्ये लिहून ठेवलं की याहून मोठी परिपूर्ण संख्या कधी सापडणार नाही, कारण अशा संख्यांचा उपयोग काहीच नाही, नुसतं कुतूहल, तेव्हा पुढे शोधायला कोण बसणार?

कुतूहल त्याने कमी लेखलं. १८७६ मध्ये फ्रान्सच्या एदुआर लुकाने दोनाचा १२७वा घात वजा १ ही ३९ अंकी संख्या मूळ असल्याचं सिद्ध केलं. त्याची कसोटी पुढे १९३० मध्ये अमेरिकेच्या डेरिक लेमरने घासूनपुसून दिली, आणि ती इतकी सोपी आहे की इथेच करून पाहता येते. ४ पासून सुरुवात करा. वर्ग करा, २ वजा करा, आणि तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा हे करा. शेवटी ० आलं तर संख्या मूळ, नाही तर नाही. ३१ साठी (दोनाचा ५वा घात वजा १) तीन फेऱ्या: ४ चा वर्ग वजा २ म्हणजे १४. १४ चा वर्ग वजा २ म्हणजे १९४, ३१ ने भागून बाकी ८. ८ चा वर्ग वजा २ म्हणजे ६२, बाकी ०. झालं, ३१ मूळ. आपल्या दहा अंकी संख्येला अशा २९ फेऱ्या पुरतात.

या कसोटीची एक बाजू मला विलक्षण वाटते. ती "हो" किंवा "नाही" सांगते, पण "नाही" म्हटल्यावर विभाजक सांगत नाही. मर्सेनच्या यादीतल्या ६७ ला लुकाने १८७६ मध्येच नापास केलं होतं. पण भाग नेमका कशाने जातो हे कळायला १९०३ उजाडावं लागलं. तेव्हा फ्रँक कोलने दाखवलं: १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७. भाग जातो हे सत्तावीस वर्षं माहीत, कशाने ते माहीत नाही.

आजही हीच कसोटी पाया आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेली, आजवरच्या नोंदीतली फार मोठी मूळ संख्या याच घराण्यातली आहे: दोनाचा १३,६२,७९,८४१वा घात वजा १. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. ल्यूक ड्युरांट या माजी प्रोग्रामरने ती ग्राफिक्स कार्डांच्या ताकदीवर शोधली, आणि खात्री शेवटी लुका-लेमर कसोटीनेच केली गेली.

संगणकाच्या पोटात

आता माझ्या त्या दुपारच्या कुंपणाकडे परत येऊ. तिथे उत्तराला ३२ खणांची जागा होती, एका खणात एकच ० किंवा १. त्यातला एक खण अधिक-उणेच्या खुणेला जातो, उरतात ३१. सगळ्यांत १ भरले की जागा संपली. म्हणजे ही मर्यादा संख्या मूळ आहे म्हणून आलेली नाही, ३२ मधून १ गेला म्हणून आली. १६ खणांच्या जागेची मर्यादा ३२,७६७ ही मूळ नाही. पंधरा एकांचे गट पडतात, ७ × ३१ × १५१. आज सगळीकडे असलेल्या ६४ खणांच्या जागेची मर्यादाही मूळ नाही. त्रेसष्ट एक तीन-तीनच्या गटांत सुटतात, म्हणून तिला ७ ने भाग जातो. ३२ खणांच्या जागेला मात्र ही दुर्मीळ संख्या लाभली.

डिसेंबर २०१४ मध्ये यूट्यूबवरच्या एका कोरियन गाण्याची प्रेक्षकसंख्या या आकड्याला येऊन भिडली आणि यूट्यूबने मोजणीची जागा ६४ खणांची केल्याचं सांगितलं. मोठा प्रश्न वेळेचा आहे. बरेच संगणक १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच मध्यरात्रीपासून सेकंद मोजतात. जिथे ही मोजणी अजून ३२ खणांत चालते, तिथे १९ जानेवारी २०३८, मंगळवारी, भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी ती २,१४,७४,८३,६४७ वर पोचेल. पुढच्या सेकंदाला खूण उलटून उणे होईल आणि घड्याळ डिसेंबर १९०१ मध्ये जाऊन पडेल. नव्या यंत्रणा बदलल्या आहेत. काळजी आहे ती कारखान्यांत, मीटरमध्ये, जुन्या यंत्रांच्या पोटात वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेल्या छोट्या संगणकांची.

पण या संख्येचं मूळ असणं जिथे खरोखर कामाला आलं ते ठिकाण वेगळं आहे. संगणकाला फासे टाकता येत नाहीत. खेळात, हवामानाच्या प्रतिकृतीत, पाहणीसाठी नावं निवडताना यादृच्छिक भासणारे आकडे लागतात, ते गणितानेच बनवावे लागतात. एक जुनी रीत अशी: हातातल्या संख्येला ठरलेल्या संख्येने गुणायचं, मूळ संख्येने भागायचं, बाकी ठेवायची, पुन्हा तेच. ७ वर करून पाहा. ३ ने गुणत गेलं तर १, ३, २, ६, ४, ५ आणि परत १. सगळे सहा आकडे एकेकदा येऊन गेले. २ ने गुणत गेलं तर १, २, ४ आणि परत १, अर्धे आकडे वाऱ्यावर. मूळ संख्येला सगळ्या घरांत फिरवून आणणारा गुणक नक्की सापडतो. आपल्या संख्येसाठी तसा एक गुणक आहे ७. त्याचा पाचवा घात १६,८०७ हाही तसाच. १९६९ मध्ये आयबीएमच्या संगणकांसाठी आपली संख्या आणि १६,८०७ या जोडीची शिफारस झाली. १९८८ मध्ये पार्क आणि मिलर यांनी तिला "किमान एवढं तरी हवं" असा दर्जा दिला. सी प्लस प्लस या संगणकभाषेसोबत येणाऱ्या तयार प्रोग्रामांच्या संग्रहात ती आजही आहे.

मूळ संख्या तर कितीही मिळतील, मग हीच का? कारण हिने भागायला भागाकार करावाच लागत नाही. शाळेत ९ ची कसोटी शिकलो ते आठवा. ५३८ ला ९ ने भागून बाकी काढायची तर ५ + ३ + ८ = १६, १ + ६ = ७. हे चालतं कारण १० म्हणजे ९ अधिक १, त्यामुळे दहाची बाकी १ येते. द्विमान पद्धतीत आपली संख्या म्हणजे नऊची सख्खी बहीण, कारण दोनाचा ३१वा घात म्हणजे ती संख्या अधिक १. प्रत्यक्ष पाहा. १ पासून निघालो: १६,८०७. पुन्हा गुणलं: २८,२४,७५,२४९. पुन्हा गुणलं: ४७,४७,५६,१५,०९,९४३, आता मर्यादा ओलांडली. यात दोनाचा ३१वा घात २,२१० वेळा बसतो आणि १,६२,२६,४७,८६३ उरतात. या दोहोंची बेरीज केली की झाली बाकी: १,६२,२६,५०,०७३. संगणकाला हे तुकडे करायला नुसते अंक सरकवायचे असतात. भागाकार महाग होता त्या काळात ही सोय सोन्यासारखी होती. आता २१४ कोटींचं चक्र काही सेकंदांत संपतं, म्हणून गंभीर कामाला मोठी चक्रं वापरतात. पासवर्ड किंवा बँकेच्या व्यवहाराच्या गुप्त किल्लीसाठी तर ही रीत कधीच वापरू नये, एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

संख्येच्या पुढची संख्या

एक प्रश्न राहतो, तो मला सगळ्यात आवडतो. दोन एक म्हणजे ३, मूळ. तीन एक म्हणजे ७, मूळ. सात एक म्हणजे १२७, मूळ. एकतीस एक म्हणजे आपली संख्या, मूळ. एकशे सत्तावीस एक, लुकाने दाखवलेली, तीही मूळ. म्हणजे मर्सेन मूळ संख्येइतके एक मांडले की नेहमी मूळ संख्याच येते का? ही आशा १९५३ मध्ये मोडली: ८१९१ ही मर्सेन मूळ संख्या आहे, पण ८१९१ एकांची संख्या संयुक्त निघाली.

मग २,१४,७४,८३,६४७ एक ओळीने मांडले तर? ती संख्या दशमान पद्धतीत लिहिली तर चौसष्ट कोटींहून जास्त अंक होतात, सध्याच्या त्या मोठ्या मूळ संख्येच्या पंधरापट लांब. लुकाची कसोटी लावायची तर दोन अब्जांहून अधिक फेऱ्या, त्याही एवढ्या अजस्र संख्येवर. पण ऑयलरची चाळणी इथेही लागते. विभाजक असलाच तर तो "आपल्या संख्येच्या दुपटीची पट अधिक १" असणार. आता संशयित मोजत जायचे. १९८३ मध्ये खरा विभाजक सापडला: २९५२५७५२६६२६०३१. २,१४,७४,८३,६४७ ला १,३७,४९० ने गुणा आणि १ मिळवा, तोच आकडा येतो. आठाने भागा, बाकी ७ येते, म्हणजे ऑयलरची दुसरी अटही तो पाळतो.

पडताळायला ती चौसष्ट कोटी अंकांची संख्या लिहावीही लागत नाही. २ घ्या. त्याचा वर्ग करा, या पंधरा अंकी विभाजकाने भागा, बाकी ठेवा. त्या बाकीचा वर्ग करा, पुन्हा भागा, बाकी ठेवा. असे एकतीस वर्ग म्हणजे आपल्या संख्येहून एक जास्त इतक्या दुपटी, तेव्हा भाग जात असेल तर शेवटी २ यायला हवा. मी हे मोबाइलवर चार ओळींच्या प्रोग्रामने केलं. मधल्या आकड्यांत काहीच संगती दिसत नाही, पंधरा-पंधरा अंकांचा नुसता गोंधळ. एकतिसाव्या वर्गाला पडद्यावर पुन्हा २ येतो.